बाबा असिस्टेड लिव्हिंगमध्ये आहेत, दीडेक वर्षाचा अनुभव: काय चांगलं, काय कमी (मोठा धागा आहे)

सोनटक्का

नमस्कार मंडळी. दुसऱ्या एका धाग्यावर मी ओझरता उल्लेख केला होता तर बऱ्याच जणांचे व्यनि (खाजगी निरोप) आले, म्हणून वेगळा धागा काढतेय. असिस्टेड लिव्हिंग म्हणजे रोजच्या कामांना मदतनीस असतात अशी राहायची सोय. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण मला कुणाची जाहिरातही करायची नाही आणि बदनामीही नाही. पुण्याच्या बाहेर, शहरापासून पाऊण तासावर आहे एवढं पुरे.

बाबा त्र्याऐंशीचे, पार्किन्सन्स होऊन दहाएक वर्षं झाली. डोकं एकदम शाबूत, सकाळी पेपर शब्दकोड्यासकट संपवतात. पण चालणं, आंघोळ, कपडे, रात्री बाथरूमला उठणं, सगळ्याला हात लागतो. आई गेल्यावर भाऊ (कॅनडात असतो) आणि मी मिळून ब्युरोच्या बायका ठेवून बघितलं, मग बाबाच म्हणाले की मला रात्री कुणाला हाका मारत बसायचं नाही, जागा बघा. त्यामुळे निर्णय त्यांचा आहे हे आधी सांगून ठेवते.

चांगलं काय ते आधी. पडणं जवळजवळ थांबलं. घरी आम्ही बाथरूममध्ये दांडे बसवले होते पण उंबरा होता, गुळगुळीत टाइल होती, पलंग उंच होता. इथं उंबराच नाही, कमोडच्या दोन्ही बाजूला दांडे, पलंगाच्या डोक्याशी बेल, आणि बेल वाजवली की खरंच कुणीतरी येतं. दुसरं म्हणजे सोबत. घरी मी ऑफिसला, ते दिवसभर टीव्हीसमोर. इथं त्यांचा कॅरमचा कंपू जमलाय, हात थरथरतो तरी खेळतात आणि समोरचेही तेवढेच म्हातारे त्यामुळे कुणाला घाई नसते. फिजिओ आठवड्यातून तीनदा येते. आणि तिसरी गोष्ट माझ्यासाठी फार मोठी आहे, मी परत त्यांची मुलगी झालेय. आधी भेटले की डायपर, औषधं, बाई आली का नाही याच गप्पा व्हायच्या, आता आम्ही बसून बोलतो.

आता कमी काय, आणि इथं मी जरा सविस्तर लिहिणार आहे कारण हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं.

पार्किन्सन्सवाल्यांना लेवोडोपाची गोळी (सिंडोपा वगैरे) घड्याळ लावून लागते. बाबांची दिवसातून पाच वेळा आहे, सात, साडेदहा, दोन, साडेपाच, नऊ. आणि शक्यतो जेवणाआधी अर्धा तास रिकाम्या पोटी, कारण डाळ, दूध, पनीर यातलं प्रोटीन त्या गोळीच्या आड येतं. संस्थेची औषधांची ट्रॉली मात्र सगळ्यांसाठी तीनदाच फिरते, नाश्ता झाला की, जेवण झालं की, आणि रात्री. बाकीच्या आजी-आजोबांना बीपी-शुगरच्या गोळ्यांना ते चालून जातं. बाबांची दोनची गोळी अडीच-पावणेतीनला मिळाली की काय होतं ते मी समोर बसून बघितलंय. ते खुर्चीत थिजतात. पाय जमिनीला चिकटल्यासारखे, चेहरा सपाट, चमचा हातात असतो पण तोंडापर्यंत जात नाही. तेवढ्यात चहा-बिस्किटं येतात, मावशी विचारतात आजोबा घेताय का, यांना शब्द फुटत नाही, मावशींना वाटतं नको म्हणतायत, आणि कप उचलून पुढं जातात. त्यात मावशींची काही चूक नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नाही की हा माणूस 'ऑफ' मध्ये आहे, म्हणजे गोळीचा असर उतरलाय, वीस मिनिटांनी हाच माणूस स्वतःच्या हातानं पिईल.

यावर मी मॅनेजरबरोबर दोनतीन बैठका केल्या. आता कपाटाच्या दारावर मोठ्या अक्षरात मराठीत वेळा लिहिलेला कागद, बाबांच्या हातात अलार्मचं घड्याळ, आणि दर पाळीला सिस्टरची सही. त्याच कागदावर लाल पेनानं लिहिलंय की उलटी झाली तर मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन द्यायचं नाही आणि रात्री अस्वस्थ झाले तर हॅलोपेरिडॉल नाही, दोन्हीनी पार्किन्सन्स वाढतो, आधी आमच्या न्यूरोलॉजिस्टना फोन. बरंच सुधारलं. पण नवीन सिस्टर आली की पहिल्यापासून सुरुवात, आणि नवीन सिस्टर फार लवकर लवकर येतात!

हीच दुसरी कमतरता, माणसं टिकत नाहीत. बाबांना एका मामांची सवय झाली, ते त्यांना उठवताना 'एक दोन तीन' म्हणून लय द्यायचे, पार्किन्सन्सच्या माणसाला अशा तालाचा खरंच उपयोग होतो, थिजलेला पाय सुटतो. ते मामा गेले एका हॉस्पिटलमध्ये जास्त पगारावर. नवीन मुलगा आला तो दंडाला धरून ओढायचा. द्वेषानं नाही, शिकवलेलंच नव्हतं.

खर्च: दोघांच्या खोलीत महिन्याला चाळीसच्या आसपास सांगितले होते, प्रत्यक्षात डायपर, फिजिओ, डॉक्टर व्हिजिट, लाँड्री धरून पन्नासच्या पुढं जातं. डिपॉझिट वेगळं.

तुमचे अनुभव लिहा, विशेषतः माणसं टिकण्याबद्दल कुणाला काही मार्ग सापडला असेल तर.

ठाणे_लोकल

सविस्तर लिहिलंत ताई, धन्यवाद. आम्ही उलट केलंय, आईला घरीच ठेवलंय, म्हणून दुसरी बाजू लिहितो. दिवसाची बाई आणि रात्रीची बाई मिळून चाळीस-पंचेचाळीस हजार जातात, वर ब्युरोचं कमिशन, म्हणजे तुमच्या खर्चात नि आमच्यात फार फरक नाही. माणसं इथंही टिकत नाहीत, गणपतीत आणि मे महिन्यात गावाला गेली की बदली बाई येईपर्यंत बायको आणि मी रजा टाकतो. पण आईला तिची खिडकी, तिचं देवघर आणि समोरच्या वहिनी रोज पाच मिनिटं डोकावतात हे मिळतं. ती स्वयंपाकघरात खुर्ची टाकून भाजी निवडते, मेथीची एक जुडी निवडायला तास लावते पण तो तास तिचा चांगला जातो. तुमच्या बाबांना तिथं असं काही हाताला काम मिळतं का? मी दोन ठिकाणं बघितली तिथं सगळं आयतं, माणूस नुसता बसून, मला ते खटकलं.

सोनटक्का

ठाणे_लोकल, खरंय तुमचं, काम मिळत नाही. पाण्याचा ग्लास स्वतः भरायला गेले तरी कुणीतरी धावत येऊन हातातून घेतं, पडतील या भीतीनं. मी सांगून ठेवलंय की सदऱ्याची बटणं त्यांची त्यांना लावू द्या, वीस मिनिटं लागली तरी. पण सकाळी एका मामांकडे सातआठ जणांची आंघोळ असते, वीस मिनिटं कुठून देणार? तेव्हा बटणं मामाच लावतात. असं करत करत माणसाच्या हातातली एकेक गोष्ट सुटत जाते हे माझं सगळ्यात मोठं दुखणं आहे.

रात्रपाळी

मी नर्स आहे, अशाच एका ठिकाणी काम करते (तुमचं नाही ☺). आतल्या बाजूनं लिहिते.

माणसं का टिकत नाहीत ते सांगते. बारा तासांची पाळी, बऱ्याच ठिकाणी राहायला एका खोलीत सहासात मुली, रजा मागितली तर तोंड वाकडं. बहुतेक मावश्या मराठवाडा-विदर्भातून आलेल्या, लेकरं गावाकडं आजीजवळ. दिवसभर दुसऱ्याच्या आईवडिलांची शी-शू काढायची आणि भेटायला आलेल्या मुलानं सगळ्यांसमोर ओरडायचं की चादर का बदलली नाही. सगळे नातेवाईक असे नसतात पण एक ओरडला की ती मुलगी पुढच्या महिन्यात जाते. जागा बघायला जाल तेव्हा ही माणसं कुठं झोपतात, काय जेवतात, आठवड्याची सुट्टी मिळते का, हे त्यांनाच विचारा. ज्या ठिकाणी मावश्या तीनतीन वर्षं आहेत तिथं डोळे झाकून विश्वास ठेवा असं नाही म्हणणार, पण माझी स्वतःची आई मी तिथंच ठेवेन.

अजून, दुपारी बारा वाजता बघायला जाऊ नका, तेव्हा सगळीकडंच छान असतं. रात्री आठनंतर जा. रात्री किती माणसं, किती मजले, हा एकच प्रश्न नीट विचारा. दोन मजल्यांना मिळून एक मावशी असेल तर वरच्या मजल्यावर बेल वाजून उपयोग काय?

पडून असलेल्या पेशंटला दर दोन तासांनी कूस बदलायची असते, रात्रीसुद्धा. त्याचा तक्ता मागा. सगळ्या सह्या एकाच पेनानं, एकाच अक्षरात, एका दमात केलेल्या दिसल्या तर काय ते समजा. भेटायला गेलात की पांघरूण काढून माकडहाड आणि टाचा स्वतः बघा, लाजू नका. लाली दिसली आणि बोट दाबून उचलल्यावरही ती तशीच राहिली तर जखमेची सुरुवात आहे, तेव्हाच सांगा.

आणि चांगलं बोलणारं माणूस अचानक एका दिवसात बरळायला लागलं, झोपाळू झालं, तर वय झालं म्हणून सोडू नका. लघवीचं इन्फेक्शन किंवा सोडियम कमी झालेलं असू शकतं, दोन्ही तपासण्या स्वस्त आहेत.

मधलीसून

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवावा असा आहे.

माझ्या सासूबाईंना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश). सोनटक्का, तुमच्या बाबांचं डोकं शाबूत आहे म्हणून असिस्टेड लिव्हिंग चाललं, आमचं नाही चाललं. घेताना म्हणाले सगळे पेशंट घेतो. मग संध्याकाळ झाली की आई 'घरी जायचंय, मुलं शाळेतून आली असतील' म्हणून पिशवी भरून दाराशी. घरी आम्ही त्यांना चपला घालून खाली एक चक्कर मारून आणायचो, परत आल्या की शांत. तिथं संध्याकाळी माणसंच कमी, मग झोपेच्या औषधाचा डोस वाढला, मग आई दिवसभर पेंगायला लागल्या, जेवण कमी, वजन उतरलं. शेवटी त्यांनीच सांगितलं की दुसरीकडं न्या, बाकीच्यांना त्रास होतो. तीस दिवसांची नोटीस, आम्ही धावपळ करून फक्त डिमेन्शियाचीच माणसं घेणारी जागा शोधली. तिथं गोल फिरता येईल असा बंदिस्त अंगणाचा रस्ता आहे, आई चालतात चालतात आणि दमून बसतात, कुणी अडवत नाही. झोपेची गोळी अर्ध्यावर आली.

तेव्हा विचारताना तोंडावर विचारा की अस्वस्थ पेशंटला तुम्ही काय करता? हात बांधता का? झोपेचं औषध कोण लिहून देतं आणि आम्हाला आधी कळवता का? याचं सरळ उत्तर देत नाहीत तिथं डिमेन्शियाचं माणूस ठेवू नका. दुखणं पुढं वाढणारच असेल तर पुढचं आधी विचारून ठेवा.

जुन्या_वाड्यातला

सगळ्यांचे अनुभव वाचले. मनापासून सांगतो, मला अजून पचत नाही. आमच्या आजीचं सगळं घरात झालं, शेवटपर्यंत. पैसे देऊन माया मिळत नाही.

सोनटक्का

जुन्या_वाड्यातला, तुमच्या भावनेचा आदर आहे. फक्त एक विचारते, आजीचं सगळं घरात कुणी केलं? आमच्या घरात आजोबांचं माझ्या आईनं केलं, सहा वर्षं, आणि त्यात तिची कंबर कायमची गेली. एका माणसाला पलंगावरून उचलायला दोन माणसं लागतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि दुसरं माणूस दिलंही नव्हतं. माया तिला होतीच. बाबांनी ते सगळं जवळून बघितलंय, त्यांच्या निर्णयात तेही आहे असं मला वाटतं.

चष्मा

कागदपत्रांबद्दल लिहितो, माझं कामच ते आहे.

करार वाचताना दर महिन्याचा आकडा सगळेच बघतात, पण भांडणं होतात ती दुसऱ्या कलमांवरून. पेशंट दहा दिवस हॉस्पिटलमध्ये असेल तर त्या दिवसांचे पैसे पूर्ण घेणार का? नोटीस किती, आणि ती फक्त तुम्ही द्यायची की त्यांनीही? मधलीसून यांच्या बाबतीत झालं तसं 'इतरांना त्रास' या शब्दांखाली कधीही काढता येतं का? दरवर्षी वाढ किती टक्के? मृत्यू झाल्यास डिपॉझिट किती दिवसांत परत? हे तोंडी नको, लेखी.

लोक मला विचारतात की यावर सरकारचं नियंत्रण नाही का. महारेरानं (घरबांधणी प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम आणलेत, दारं ९०० मिमी रुंद, न घसरणाऱ्या फरशा, व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट, बाथरूममध्ये दांडे वगैरे. चांगले आहेत, पण ते घर बांधून विकणाऱ्याला लागू. तिथं मावशी किती असाव्यात, त्यांना काय शिकवलेलं असावं, यावर रेरा काही बोलत नाही. म्हणून ही सगळी गोष्ट तुमच्या करारावर येऊन पडते.

धर्मादाय संस्थेचं (आयकर खात्यात तशी नोंदणी असलेलं) वृद्धाश्रम असेल तर राहणं-जेवण-देखभाल मिळून माणशी महिना २५,००० पर्यंत जीएसटी लागत नाही, खाजगी कंपनीला ही सूट नाही. बिलात टॅक्सची ओळ बघा. सत्तरीच्या पुढच्यांना २०२४ पासून आयुष्मान कार्डावर ५ लाखांचं कव्हर आहे, पण ते हॉस्पिटलात भरती झाल्यावर, इथल्या महिन्याच्या बिलाला नाही.

आणि खर्च भागवायला आईवडील घर मुलाच्या नावावर करतात तेव्हा बक्षीसपत्रात 'सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द घालाच. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातल्या कलम २३ नुसार अट पाळली नाही तर न्यायाधिकरणाकडून ते हस्तांतर रद्द करून घेता येतं, पण अट लिहिलेलीच नसेल तर भांडण अवघड होतं.

न्यूजर्सीची_सून

आम्ही दोघंही लांब, म्हणून लांबून काय करता येतं ते लिहिते. व्हिडिओ कॉलवर सगळे आजी-आजोबा 'मी मजेत आहे' म्हणतात, माझे सासरे पाय सुजलेला असताना कॅमेरा वर धरून बोलायचे! मी आता सांगते की मावशींना फोन द्या, जेवणाचं ताट दाखवा, खोलीत एक फेरी मारा. आणि पुण्यातला एक मावसदीर ठरवलाय, तो कुठल्याही दिवशी न सांगता जातो, आणि रात्री दोन वाजता हॉस्पिटलमध्ये सही करायलाही तोच. असा माणूस नसेल तर संस्था कितीही भारी असली तरी परदेशातल्यांनी विचार करा.

पेन्शनवाल्यांसाठी, हयातीचा दाखला आता फोनवर चेहरा दाखवून निघतो, जीवन प्रमाणचं ॲप आहे, बोटांचे ठसे पुसट झालेल्यांना फार सोयीचं. ऐंशीच्या पुढच्यांचा दरवर्षी १ ऑक्टोबरपासून चालतो. बँकेत व्हीलचेअर उचलून न्यायची गरज नाही.

@चष्मा, व्हेंटिलेटर नको वगैरे लिहून ठेवायचं असेल तर?

चष्मा

लिव्हिंग विल करता येतं, २०१८ ला सुप्रीम कोर्टानं मान्य केलं आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, पूर्वीसारखं मॅजिस्ट्रेटकडे जायला नको. एक प्रत संस्थेच्या फायलीत लावा, नाहीतर रात्री ॲम्ब्युलन्स बोलावताना कुणाला माहीतच नसतं.

मडगावची

आमच्याकडं गोव्यात प्रोव्हेदोरिया या सरकारी कल्याण संस्थेची वृद्धांसाठीची घरं फार जुनी आहेत, निराधारांची सोय होते, पण हात धरून सगळं करणारी सेवा हवी असेल तर खाजगीच बघावं लागतं. बाबांना दादाजवळ राहता यावं म्हणून पुण्यात ठेवलं. सगळं छान, आणि बाबा जेवेनात. शुद्ध शाकाहारी जागा. आयुष्यभर दुपारी शीत-कडी आणि नुस्तें (भात-कडी आणि मासे) खाल्लेला माणूस, त्याला रोज पोळी आणि फ्लॉवर-बटाटा. डॉक्टर म्हणाले भूक मंदावलीय, टॉनिक द्या. दादा रविवारी घरी नेऊन बांगड्याचं हुमण वाढायचा तर दोनदा भात मागून घ्यायचे. शेवटी जागा बदलली, आताच्या ठिकाणी बुधवार-रविवार मासे असतात आणि बाकी दिवशी डबा आणलेला चालतो. बघायला जाल तेव्हा आठवड्याचा मेनू मागा आणि एकदा तिथंच जेवा, पाहुण्यांसाठी केलेलं नको, त्यांच्या पंगतीत.

ठाणे_लोकल

मडगावची, एकदम पटलं. सोनटक्का ताई, शेवटचा प्रश्न, एवढं सगळं लिहिलंत तर आता तुमचं मत काय, ठेवणार का हलवणार? आणि आम्हालाही पुढंमागं वेळ आली तर सुरुवात कुठून करायची?

सोनटक्का

ठेवणार. बाबांना विचारलं, ते म्हणाले माझा कॅरमचा डाव अर्धा आहे. माझं स्वतःचं मत असं झालंय की शरीराला मदत हवी आणि डोकं स्वतःचं आहे अशा माणसाला ही सोय खरंच चांगली आहे, पण नातेवाइकाला दर आठवड्याला जाता आलं तरच. मी जात नसते तर त्या गोळीच्या वेळा आजही ट्रॉलीच्या मागंच राहिल्या असत्या, असं मला ठामपणे वाटतं. ज्यांना दुपारच्या वेळी 'आजोबा जेवत नाहीत' एवढाच निरोप मिळतो त्यांनी एकदा स्वतः जाऊन त्या वेळेला बसा.

रात्रपाळी यांचं वाचून मी आणि अजून तीन नातेवाइकांनी मिळून मॅनेजरना भेटायचं ठरवलंय. दोन मागण्या, नवीन माणसाला पहिले चार दिवस जुन्या माणसाबरोबर जोडीनं काम, आणि प्रत्येक आजी-आजोबांच्या खोलीत एका पानावर 'यांना कसं उठवायचं, काय आवडतं, काय स्वतः करू द्यायचं' असं मराठीत. पान आम्हीच लिहून देऊ. काय झालं ते इथं लिहीनच.

सुरुवातीबद्दल, थेट भरती करू नका. बऱ्याच जागा पंधरा दिवस-महिनाभर तात्पुरतं ठेवून घेतात, तुम्ही कुठं प्रवासाला किंवा बायकोच्या ऑपरेशनला म्हणून. तेवढ्या काळात आईला काय वाटतं ते कळतं आणि तुम्हाला त्यांची रात्रही कळते. करार मात्र त्याच्याही आधी घरी आणून वाचा, कोरी प्रत द्यायला का-कू करत असतील तर दुसरी जागा बघा. रेट आणि जागांची नावं विचारणाऱ्यांना आज रात्री व्यनि करते, थोडा धीर धरा.